पाण्याचा डमरू

सर, तुमचा टॉर्च अजून पेटतो. काच एकदा बदलली, बटण जरा हट्टी झालंय, पण पेटतो. आज कपाट आवरताना हाती आला आणि कुही गावचे ते पेशंट काका आठवून मी एकटीच हसत बसले. त्या दिवसाबद्दल तुमच्याशी एक बोलायचं राहूनच गेलं आहे.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. सोनोग्राफी आपल्या वॉर्डात यायची होती. रोग शोधायचा तो बोटांनी. सर्जरी शिकणाऱ्यांत मी एकटीच मुलगी. 'पुरुषांच्या वॉर्डात हिचं काय काम?' म्हणणारे कमी नव्हते, आणि त्या सगळ्यांची तोंडं मला बंद करायची होती. काका आले ते पोटातली गाठ घेऊन. बेंबीखाली, चांगली नारळाएवढी. गावाकडे कुणीतरी कॅन्सर म्हणून सांगून टाकलं होतं. "बाई, आधी पोरीचं लगन उरकून टाकतो, मंग कापा," ते म्हणाले. "मी मेलो तं तिचं कोन पाहीन?" मी धोतराच्या गाठीपर्यंत तपासलं आणि तिथेच थांबले. केसपेपरवर मात्र ठसठशीत अक्षरात लिहिलं, बाकी तपासणी नॉर्मल.

दुसऱ्या दिवशी तुमचा राउंड. तुम्ही पोटावर हात ठेवता आणि म्हणता, "धोतर सोडा गा." खाली अंडकोश पपईएवढा सुजलेला! तुमचा एक हात त्या सुजेवर, दुसरा पोटावर. खालून दाबलं की वरची गाठ टरारते, वरून दाबलं की खालची सूज. तुम्ही खिडक्या लावायला सांगता, सुजेला टॉर्च लावता, आणि ती आतून लालबुंद उजळते. "कॅन्सर नाही, पाणी आहे हे! हायड्रोसिल जांघेतून वर पोटात चढलंय. मध्ये बारीक, दोन्हीकडे फुगलेलं. पाण्याचा डमरू! अख्ख्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय मी." तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मग तुमची नजर केसपेपरवर गेली. "बाकी नॉर्मल?"

"पेशंटनं दाखवलं नाही, सर," मी म्हणाले.

"काहून गा? डॉक्टरीणबाईले काहून नाही दाखवलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते. "मलेच लाज वाटली, साहेब," ते म्हणाले. मग तुम्ही त्यांना असं काही फैलावर घेतलंत की अख्खा वॉर्ड ऐकत होता, आणि ते आपले खाली मान घालून हसत होते. कॅन्सर नाही म्हटल्यावर माणसाला शिव्याही गोड लागतात.

ऑपरेशनला सुरी तुम्ही माझ्या हातात दिलीत. जांघेतून चीर घेतली, पाणी काढून टाकलं आणि पोटातली पिशवी हळूहळू सोडवत अख्खी बाहेर काढली, तेव्हा तुमचं "वा वं पोरी!" मास्कमधूनही खणखणीत ऐकू आलं. त्या दिवशी मी जमिनीवर चालतच नव्हते. संध्याकाळी तुम्ही हा टॉर्च दिलात. "लाजणाऱ्या पेशंटांसाठी ठेव," म्हणालात.

काकांच्या पोरीच्या लग्नाला आपण दोघेही गेलो होतो. तुम्ही पंगतीत वडाभातावर कढी मागून घेत होता, आणि काकांनी मला बाजूला नेलं. "बाई, आजार कोनता होता ते पाव्हन्यांत नका काढू. म्या तुमची लाज राखली, आता तुमी माझी राखा." आम्ही दोघं असे हसलो की तुम्ही पंगतीतून ओरडलात, "काय झालं वं?" मी म्हटलं, काही नाही, सर.

पुढे मीही शिकवू लागले. हाच टॉर्च हातात धरून दरवर्षी मुलांना ही केस सांगितली, आणि दरवर्षी लाजरं ठरवलं ते काकांनाच. तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र टॉर्चच्या खोक्यातच ठेवते आहे. काका 'नाही' म्हणालेच नव्हते, सर. मी त्यांना विचारलंच नव्हतं.