मिनिटाला किती थेंब

बंगळूर,
३ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. पत्र बघून तू आधी भाऊजींना विचारशील, याचा फोन बिघडला की काय. फोन ठीक आहे, मीच बिघडलोय. तीनदा तुला फोन लावला आणि तिन्ही वेळा पाऊसपाणी, बाळाचं पालथं पडणं, वडनेरच्या शेतातल्या फवारण्या एवढं बोलून ठेवून दिला. कागदावर निदान तू मध्येच जेवलास का म्हणून विचारणार नाहीस.

केसची तारीख अठरा ऑगस्ट लागल्याचं भाऊजींनी सांगितलं. नांदुऱ्याच्या अंगणवाडीतल्या बाईने विमान कंपनीला बुलढाण्याच्या ग्राहक आयोगात खेचलं, याचा मला अभिमान वाटतो आणि अवघडल्यासारखंही होतं, कारण मी त्याच कंपनीचं मीठ खातो. त्यांनी तुला दोन फुकट तिकिटं देऊ केली, ती तू परत पाठवलीस. तुला एकच कागद हवा होता. तीन मेच्या सकाळी विमान का गेलं नाही, ते लिहून द्या. कंपनीने आता लेखी उत्तर दिलंय की ऐनवेळी बिघाड निघाला, तो आमच्या हाताबाहेरचा होता.

तो दिवस तुला पाठ आहे, तरी लिहितो. आमच्या बाळाला बघायला तू इकडे आलीस आणि आठवडाही झाला नाही तर बाबांना झटका आला. त्यांना खामगावला दवाखान्यात ठेवलं. तुझं सकाळच्या नागपूरच्या विमानाचं तिकीट मीच काढलं, नागपूरहून पुढे गाडीही सांगून ठेवली. तीनपर्यंत तू त्यांच्याजवळ असतीस. माझी रजा दुसऱ्या दिवसापासून होती. बाबांना मोबाइलवर नीट दिसत नाही म्हणून तू बाळाचे फोटो कागदावर काढून घेतले होतेस. पावणेसातचं विमान साडेआठ झालं, मग दहा, मग बारा. काउंटरवरची मुलगी कारण सांगेना, नुसतं नाश्त्याचं कूपन पुढे करत होती. तिकडून बनाबाई काकूचे फोन सुरू होते, ‘‘तुहा बाप इचारून राह्यला, शीला निंगाली काय?’’ तू त्या लोखंडी खुर्चीवर बसून चारही वेळा म्हणालीस, ‘‘हाव, निंगाली म्हना.’’

मधे तू मला फोन केलास. ‘‘तुही तं सगळ्याइशी वळख हाय. तुह्या हातात काही असन तं कर ना रे.’’ मी म्हणालो, माझ्या हातात काही नसतं गं ताई. दोन वाजता विमान रद्द झालं. साडेचारला बाबा गेले.

ताई, माझ्याच हातात होतं. ते विमान मी थांबवलं.

आमचं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. बाबा मात्र वडनेरच्या चहाच्या टपरीवर सांगत सुटायचे, ‘‘माह्या पोरानं सही केल्याबिगर ते उडत नाई, समजलं काय?’’ ते खरं होतं. इंजिनातून थोडं तेल गळालं तरी चालतं. त्याची मर्यादा ठरलेली असते. खाली उभं राहायचं, घड्याळ लावायचं, मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मर्यादेच्या आत असेल तर सही करून विमान सोडायचं. त्या विमानाला एकोणतीस एप्रिलपासून गळती होती. मर्यादा दहा थेंबांची, मी मोजले सतरा. आमचे साहेब म्हणाले, तेल अडवणारं नवं सील मागवलंय, दोन दिवसांत येतंय, एक विमान उभं राहिलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं, तू परत मोज. परत मोज म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. मी नऊ लिहिले. दुसऱ्या दिवशी आठ. चार दिवस मी असे थेंब कमी करत गेलो, आणि रोज शेकडो माणसं माझ्या सहीवर वर गेली. तपासणी आली असती तर वही अगदी नीटनेटकी होती. अक्षर चांगलं आहे माझं, शाळेत तूच गिरवून घेतलं होतंस.

पाचव्या दिवशी मी खाली उभा राहिलो आणि माझी बहीण या विमानात बसणार, एवढंच डोक्यात आलं. एकोणीस थेंब पडले. मी एकोणीस लिहिले आणि सही केली नाही. साहेब ओरडले, दुसरं सील शोधायला माणसं पळाली, आणि तू वर तास मोजत बसलीस.

तुझा जीव वाचवला असं मी हे तीन महिने स्वतःला सांगितलं असतं तर कदाचित झोप लागली असती. पण तसंही म्हणता येत नाही. चार दिवस ते विमान तसंच गेलं आणि सुखरूप उतरलं. पाचव्या दिवशीही उतरलं असतं बहुतेक. तू तीनला खामगावात असतीस, बाबांनी फोटो हातात घेतले असते. दुसऱ्यांच्या बहिणींना मी चार दिवस खुशाल चढू दिलं आणि माझीच बहीण तेवढी थांबवली, आणि त्यातही तिचंच वाटोळं केलं. माती झाल्यावर तू मला जवळ घेऊन म्हणालीस, तुले तं लय लागलं रे. मी तुला तसंच समजू दिलं. मला फार लाज वाटते ताई.

हे आजच लिहायचं कारण असं. काल कंपनीने मला बोलावलं. अठरा तारखेला बुलढाण्याला जा, आयोगापुढे कंपनीचा इंजिनियर म्हणून सांग की गळती त्याच सकाळी सुरू झाली. केस करणारी माझी बहीण आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. मी हो म्हणालो, कारण येण्याजाण्याचं तिकीट तेच काढणार आहेत. एकोणतीस एप्रिल ते तीन मे, पाचही पानांच्या नकला या पत्रासोबत आहेत. पत्रासकट त्या तुझ्या वकीलसाहेबांना दे. माझं लायसन्स जाईल, ते जायलाच हवं. मी काय काय लिहिलं ते मी आयोगापुढे माझ्या तोंडाने सांगेन. मग तुला तुझं कारण मिळेल. सतरा तारखेला संध्याकाळी मी नांदुऱ्याला पोचतो. हे वाचल्यावर तुझ्या घरी उतरू, की बुलढाण्यात लॉज बघू, तेवढं भाऊजींकडून कळव.

तुझाच धाकटा,
धम्मरत्न