बसलं की दुखतं

३ डिसेंबर
पुलगावात आलो! खासगी दवाखान्यात भूलतज्ज्ञ, माझी पहिलीच नोकरी. राहायची खोली दवाखान्याच्याच माडीवर, त्यामुळे उशिराला बहाणा नाही. सुलोचना सिस्टरनी घरून वांग्याचं भरीत आणलं. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा मागून घेतलं. इथं माझं छान जमणार.

६ डिसेंबर
नाचणगावच्या भाजीवाल्यांची सून हर्षा बाळंत झाली. सिझेरियन, मुलगी. कमरेत भूल देताना घोळ झाला. बारीक सुया संपल्या होत्या. मी थांबलो नाही, जाड सुई घेतली आणि पुन्हा पुन्हा टोचली. कुणाला बोललो नाही. सगळं सुखरूप झालं ना!

८ डिसेंबर
हर्षा उठून बसली की डोकं फुटायला येतं, आडवी झाली की थांबतं. माझ्या सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतंय. उपाय मला येतो. तिच्याच दंडातलं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडायचं. ते गोठतं आणि भोक बुजतं. पण मग भोक कुणी पाडलं हे सांगावं लागेल. सासू प्रमिलाबाई हर्षाच्या आईवर तुटून पडल्या होत्या: मनकर्णाबाईंनी बाळंत लेकीचे कान बांधले नाहीत, म्हणून वारं शिरलं. मला विचारलं. मी म्हणालो, हो, कान बांधून ठेवा. मनकर्णाबाई मान खाली घालून फडकं बांधत राहिल्या. मला लाज वाटली.

१० डिसेंबर
हर्षाला घरी सोडलं. मुलीला बसून मांडीवर कधी घेता येईल, असं तिनं विचारलं. लवकरच, म्हणालो.

१६ डिसेंबर
हर्षा गेली. डोक्यात रक्तस्राव. पाणी झिरपत राहिलं की मेंदू खाली ओढला जातो, शीर तुटते. सासरचे मनकर्णाबाईंना नातीला हात लावू देत नाहीत. मीच लेकीला मारलं, असं म्हणत त्या दवाखान्याच्या पायरीवर रडत होत्या. मी बाजूनं निघून गेलो. नीच आहे मी.

१७ डिसेंबर
उठून बसलो आणि डोकं — आडवा झालो, थांबलं. सदरा पाठीवर ओला. घाम नव्हे. बोटानं चाचपलं. कमरेत भोक आहे. मला तर कुणी टोचलंच नाही.

१८ डिसेंबर
भरदुपारी ती पलंगाच्या पायथ्याशी. कानाला फडकं. ताठ बसलेली. म्हणाली, "आता बसता येते मले, डॉक्टरसाहेब. तुमी पडून राहा."

१९ डिसेंबर
गादी भिजली. दारापर्यंतही जाता — मी दंड पुढे केला. माझं रक्त काढ, भोक बुजव. ती मान हलवते. फडकं सोडून माझे कान बांधतेय. घट्ट. मी सांगितलेला उपाय —

सांगतो. सगळ्यांना सांगतो. नात मनकर्णाबाईंना द्या. त्यांची काही चूक नव्हती. भोक मी —