नऊ पट्ट्यांचा घोळ

प्रिय दादा,

आधी एवढं वाच. मी पाठवलेल्या नऊ पट्ट्यांपैकी एकही लिफ्टला लावू नकोस. लावल्या असतील तर काढ आणि ती लिफ्ट बंद ठेव. आता बस आणि पुढचं वाच. घाईत लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालंय, हसू नकोस.

सोमवारी चाचणी आहे ना? केबिन कुठल्या मजल्यावर आहे हे त्या पट्ट्यांवरून लिफ्टला कळणार, आणि चाचणीपुरते जुने स्विच बाजूला काढून तू स्वतः केबिनच्या छपरावर उभा राहणार, असं तूच कौतुकानं सांगितलं होतंस. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आता डोळे मिटले की तू छपरावर दिसतोस, केबिन वर वर चाललीय, थांबायचं नावच घेत नाही, आणि तुझ्या डोक्यावर तो सिमेंटचा स्लॅब. वहिनीला यातलं काही सांगू नकोस रे.

आमच्या प्रयोगशाळेत पट्टी कशी बनते ते तुला मी शंभरदा ऐकवलंय आणि तू शंभरदा जांभई दिलीयस, तरी पुन्हा ऐक. लोखंडाच्या गंजाचे, डोळ्याला न दिसणारे चुंबकी कण आम्ही शाईत कालवतो, ती शाई काचेवर छापतो आणि काच भट्टीत ठेवतो. तीनशे अंशांवर कणांभोवतीचं तेलकट आवरण जळून जातं, कण एकमेकांना धरतात आणि पट्टी झकास चुंबकी होते. पाचशेवर नेली तर तेच कण हवा खाऊन तांबूस पडतात आणि त्यांची ओढ जवळजवळ संपते. भाकरी शेकणं आणि करपवणं, एवढाच फरक. किती तापवल्यावर किती बिघडतं हे बघायला आम्ही मुद्दाम दोन्ही करतो, नऊ अशा आणि नऊ तशा.

म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. भट्टीत जाण्याआधी काचेच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकानं ओरखडा काढायचा, तीनशेला एक, पाचशेला दोन. अठरा काचांना अर्धा तास लागतो. पट्ट्या पाठवायच्या दिवशी कुरियर चारला येणार होतं, तू सकाळपासून तीनदा फोन केला होतास. मी मार्करनं आकडे टाकले. पेनची शाई भट्टीत जळते हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि मी नऊ वर्षं हेच काम करतेय! नुसती बावळट नव्हे, शहाणी बावळट. दोन्ही खेपा ओळीनं एका ट्रेवर मांडल्या होत्या, ओळ लक्षात होती, म्हटलं काही बिघडत नाही. मग टेबलाकडे नेताना ट्रे कलंडला. एकही फुटली नाही म्हणून मी हुश्श केलं, आणि ट्यूबलाइटखाली रंग बघून वेगळ्या केल्या. पातळ थर तो, दोन्ही तपकिरीच दिसतात. जरा जास्त काळपट वाटल्या त्या नऊ तुला पाठवल्या.

मंगळवारी उरलेल्या नऊ चुंबकत्व मोजायच्या यंत्रात घातल्या. नऊच्या नऊ करपलेल्या निघायला हव्या होत्या. त्यातल्या चार एकदम उत्तम निघाल्या. दादा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. याचा हिशोब सोपा आहे, तुझ्याकडच्या चार मेलेल्या आहेत. कुठल्या चार ते मला इथून सांगता येणार नाही, आणि तुलाही कळणार नाही, कारण लिफ्टचा सेन्सर अगदी चिकटवून धरलास तर मेलेलीही त्याचा दिवा लावेल. जरा अंतर पडलं की नाही लावणार.

आज शुक्रवार. मंगळवारपासून मी मूग गिळून बसलेय. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर जाते आणि भलतंच काही विचारून परत येते. नोकरी जाईल, प्रयोगशाळेचं नाव जाईल, तुझ्या साहेबांपुढे तुझी शोभा होईल, हे सगळं मी मोजत बसले आणि तुझं डोकं मोजायचं राहून गेलं. लाज वाटते.

तू म्हणशील, मग फोन करायचा. केला होता ना! बुधवारी एकदा, काल एकदा. दोन्ही वेळा तू हॅलोच्या आधीच विचारलंस, पट्ट्या पक्क्या ना गं, आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं. काल तर तू पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलंस की माझ्या बहिणीनं तपासल्यात, पुन्हा तपासायची गरज नाही. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून खरं निघत नाही, म्हणून लिहितेय. हाच घोळ वेगळ्या कागदावर लिहून, सहीनिशी, आत्ता मॅडमच्या टेबलावर ठेवून आलेय. त्या जेवून येतीलच. हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय, उद्या सकाळी तुला मिळेल. मिळालं की मला फोन कर, आणि पट्ट्या पक्क्या का असं विचारू नकोस. तूच म्हण, लावल्या नाहीत. तेवढं ऐकेपर्यंत मी फोन हातातून ठेवणार नाही.

तुझीच,
भ्यालेली धाकटी