लेण्याचा एकमेव वाली

३ फेब्रुवारी
गणराजचं लग्न ठरलं. वर्षालीच्या घरच्यांची एकच अट, जोडप्याला वेगळी जागा हवी. बैठकीतच जाहीर केलं, मेपर्यंत आमच्या घरावर मजला चढवून देतो. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून रिटायर झालोय. प्लॅनिंग मला कुणी शिकवू नये.

९ फेब्रुवारी
शेजारच्या भीमराजने पाया खणायला घेतला. तीन मजली बिल्डिंग! एके काळी माझ्याच शिफ्टला होता. हेवा अजिबात वाटत नाही. फक्त झोप येत नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी
शोध लागला! मागच्या टेकडीत जुनं कोरीव लेणं आहे. तिथे सरकारी बोर्ड आहे. रोज फिरायला जातो, आज पहिल्यांदा वाचला. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद. त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते. भीमराज गेला! म्हणजे, वारसा वाचला.

१२ फेब्रुवारी
पुरातत्त्व खात्याकडे तक्रार टाइप केली. आधी नाव घातलं नव्हतं. पण मराठी फारच उत्तम उतरली, म्हणून घातलं. रुक्मिणी म्हणाली, "अहो, लेण्यात आपल्याच सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात, त्या आधी काढा." तिला मोठा विचार जमत नाही.
संध्याकाळी गोण्या काढल्या. पाठ धरली.

२० फेब्रुवारी
गच्चीवर कॉलम उभे केले. परवानगी वगैरे बघू नंतर. घर आपलं, गच्ची आपली.
भीमराज रस्त्यात भेटला. "साहेब, हल्ली लेण्याकडे फार दिसता. बरं वाटलं. आई पौर्णिमेला तिथे मेणबत्त्या लावते, तुम्हीपण या." म्हटलं, वारसा सगळ्यांचाच आहे, भावा. बिचारा.

६ मार्च
खात्याच्या मॅडम मोजणीला आल्या. टेपचं टोक मी स्वतः धरलं, उगाच शंका नको. लेण्यापासून निघालो. आमचं अंगण गेलं, स्वयंपाकघराची भिंत गेली, तरी टेप सुटतोच आहे. शंभर मीटर भरले तेव्हा मी कुंपणापलीकडे भीमराजच्या पेरूखाली उभा होतो. त्याचा पाया अजून पुढे. त्याने हेलपाटे घालून परवानगीही आणलेली.
मॅडमनी आमच्या गच्चीकडे पाहिलं. "हे कॉलम कुणाचे?"
म्हटलं, जुने आहेत.
"किती जुने? सळ्या अजून चकाकतायत."
चहा न घेता गेल्या.

१८ मार्च
नोटीस आली. पण कायद्यात फट सापडली! जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. मजला दुरुस्तीत दाखवायचा. गणराज म्हणाला, "बाबा, नसलेला मजला दुरुस्त कसा करणार?" इंजिनिअरिंग करून मुलांची कल्पनाशक्ती जाते.

२२ एप्रिल
कॉलम तोडले. वर्षालीच्या वडिलांचा फोन. म्हटलं, काम जोरात चालू आहे. मागे ब्रेकरचा आवाज होताच, त्यामुळे पटलं त्यांना.

१२ मे
परवा लग्न झालं. पोरं काळेवाडीत भाड्याने राहायला गेली. तात्पुरतं.
पौर्णिमेला लेण्यावर गेलो. भीमराजच्या आईने, सोजराबाईंनी, माझ्या हातात मेणबत्ती दिली. भीमराज हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा अर्ज मॅडमनी दाखवला होता. मराठी छान आहे." मला ठसका लागला. मेणबत्तीचा धूर.

१४ डिसेंबर
गणराजने घर बदललं. भीमराजच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. भाडं त्याने कमी लावलं म्हणे. रुक्मिणीला आधीपासून माहीत होतं.
आज पोरांनी चहाला बोलावलं, भीमराजलाही. गॅलरीतून लेणं स्पष्ट दिसतं. त्याच्या अलीकडे आमची गच्ची, तोडलेल्या कॉलमच्या जागी सिमेंटची ठिगळं.
वर्षालीने विचारलं, "बाबा, ते काय आहे हो तिथे?"
भीमराज म्हणाला, "साहेब, चहा घ्या, गार होतोय."
घेतला.