कडी कुणाच्या बाजूला

ती. ताई,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं इकडे धडधाकट आहोत, तुमची खुशाली कळावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारायचं ते हे, की तुझा उजवा गुडघा कसा आहे, जिना चढू देतो का, आणि सूनबाई तुझ्या चहात अजून अर्धाच चमचा साखर घालतात का. (हे तुझ्या मुलाकडून कळलं. तो फोनवर फक्त कामाचं बोलतो, पण मध्ये श्वास घ्यायला थांबला की घरचं काहीतरी सांगून टाकतो.) माझी तब्येत उत्तम. चष्मा लागलाय, तरी माप अजून नजरेनेच घेते. गणवेशाच्या कारखान्यात तीस वर्षं कापड कापल्यावर ती खोड जात नाही. परवा डॉक्टरांना त्यांच्या टेबलाची लांबी इंचात सांगितली, तर त्यांनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा एकदा तपासलं.

पत्रास कारण की, तुझ्या मुलाने पाठवलेला कागद मिळाला. तू तुझं तीनशे दोन नंबरचं घर विकणार, गिऱ्हाईक जवळजवळ ठरलंय, आणि दोन्ही घरांवर दोघींचीही नावं असल्यामुळे माझी सही लागणार. जिथे सही करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारलीय. (मावशीला वाचता येतं हे तो विसरला असावा.) सोबत चार ओळींची चिठ्ठी, त्यातली तिसरी ओळ अशी, की आईला आता तिकडे राहायला यायचं नाही. ती ओळ मी तीनदा वाचली. हे तू त्याला सांगितलंस की त्याने तुझ्या वतीने ठरवलं, ते चिठ्ठीवरून कळत नाही. फोन करून विचारावं तर आपण दोघी अकरा वर्षं फोनवर बोललेलो नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, तेव्हा पाय वर घेऊन बस.

सुरुवात भावजींपासून करायला हवी, कारण या सगळ्याला ते जबाबदार आहेत आणि आता त्यांना काही बोललं तरी ते उलट उत्तर देणार नाहीत. (जिवंतपणीही देत नसत. तुझ्याशी संसार केलेला माणूस.) त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, की पगारातून कुणी श्रीमंत होत नाही, श्रीमंती जागेतून येते आणि ती पायीपायी येते. घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, भाडं खायचं नाही, त्यातून हप्ते फेडायचे, आणि पंधरा-वीस वर्षं तोंड मिटून थांबायचं. मुख्य म्हणजे त्या घरात आपण राहायला जायचं नाही. राहायला गेलं की ती गुंतवणूक राहत नाही, नुसतं घर होऊन बसतं, असं ते म्हणत. आणि ‘नुसतं घर’ हे शब्द असे उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं घराला काहीतरी लागण झालीय. तू नर्स असूनही तुला ते पटलं. मला तर पटलंच, कारण मला त्या वेळी एकही घर नव्हतं, आणि नसलेल्या घरात न राहणं काही अवघड नव्हतं.

ताई, भावजींचा एकही हिशेब चुकला नाही हे मी मान्य करते. दोन्ही घरांची किंमत तिप्पट झालीय. माझ्या नावावर तिसऱ्या मजल्यावर पूर्वेला खिडकी असलेलं घर आहे, आणि मी सव्वीस वर्षं लॉंड्रीच्या डोक्यावर दोन भाड्याच्या खोल्यांत राहतेय. खाली इस्त्र्या तापल्या की सकाळी दहापासून आमची फरशी गरम होते. थंडीत बरं असतं. उन्हाळ्यात आम्ही दोघं घरात बगळ्यासारखे एकेका पायावर उभे असतो. आपण आपल्या घरात जाऊया, असं मी ह्यांना दरवर्षी एकदा म्हणते आणि हे दरवर्षी एकदा ‘बघू’ म्हणतात. (लॉंड्रीवाले ह्यांना आता बघूकाकाच म्हणतात. ह्यांना कळलंय. काय करायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बघू.)

पण आपली एक अट भावजींनी मान्य केली होती, ती तू विसरली नसशील. दोन घरं शेजारी-शेजारी घ्यायची, दोघी रिटायर झालो की भाडेकरू काढायचे, आणि मधल्या भिंतीत दार पाडायचं. त्या दारासाठी मी खाकी कापड कापत राहिले. किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी आपण या घरातून त्या घरात जिन्यावरून किती फेऱ्या मारल्या! माझं स्वयंपाकघर आणि तुझी बाहेरची खोली, मध्ये एकच भिंत. तू पर्समधून खडू काढलास (वॉर्डातल्या फळ्याचा, म्हणजे चोरीचाच), मी टेप धरली, आणि तुझ्या बाजूच्या भिंतीवर आपण दार आखलं. तीस इंच रुंद, अठ्ठ्याहत्तर इंच उंच. सकाळचा चहा माझ्याकडे, संध्याकाळचा तुझ्याकडे, हेही तिथेच उभ्या-उभ्या ठरलं. मग माझ्या तोंडाला कुठून खाज सुटली कोण जाणे, मी विचारलं, की कडी कुणाच्या बाजूला?

तू म्हणालीस, माझ्या. मी म्हणाले, माझ्या. तुझं म्हणणं, चौतीस वर्षं लोकांनी तुला हाका मारून झोपेतून उठवलं, आता तरी कुणाला आत घ्यायचं ते तू ठरवणार. माझं म्हणणं, लहानपणी तुझ्या खोलीत, लग्नानंतर सासूबाईंच्या आणि मग लॉंड्रीवर. मला आतून लावता येईल अशी कडी जन्मात मिळालेली नाही. भावजी बिचारे म्हणाले, दोन्हीकडे एकेक लावू. झालं! आधी आपण दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडलो आणि ते जिन्यात पळाल्यावर एकमेकींवर. तू म्हणालीस, मी न विचारता घुसते. मी म्हणाले, तू माझे डबे उघडून बघतेस. (बघतेस.) दार खडूतच राहिलं, दोन्हीकडे भाडेकरू आले, आणि आधी फोन कुणी करायचा याची वाट बघण्यात अकरा वर्षं गेली. भावजी गेले तेव्हा मी आले होते. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि पुढचे दोन दिवस आपण पाहुण्यांच्या गाद्या आणि चादरी यांखेरीज कशाबद्दलही बोललो नाही. परतताना गाडीत मला जे रडू फुटलं, त्यातलं निम्मं भावजींसाठी होतं. निम्मं तुझ्यासाठी होतं, तू तर जिवंत होतीस.

आता मूळ मुद्दा, म्हणजे गिऱ्हाईक. तुझ्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते, म्हणून एजंटने मलाच घर दाखवायला बोलावलं. मी ठरवून गेले, की हा सौदा मोडायचा. (हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, एजंट सांगेलच.) गिऱ्हाईक म्हणजे एक गुळगुळीत माणूस, त्याची अशी एकवीस घरं आहेत. मी म्हटलं, पाण्याला जोर नाही. तो म्हणाला, मला कुठे आंघोळ करायचीय? मी म्हटलं, दुपारी शेजारच्या शाळेचा गोंगाट असतो. तो म्हणाला, भिंतींना कान नसतात. मी म्हटलं, बाथरूमच्या छताला ओल येते. तर त्याने वहीत ‘ओल’ असं लिहून एजंटकडे बघितलं आणि भाव खाली आणला. तो राहणार नाहीये, ताई, भाडेकरूही ठेवणार नाहीये. कुलूप लावून दहा वर्षं ठेवणार आणि विकणार. भावजींना हा माणूस फार आवडला असता. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

आणि मग ती भिंत. तुझे भाडेकरू घड्याळं दुरुस्त करतात, तुला माहीतच आहे. त्या खोलीत चारही भिंतींवर घड्याळं होती, मी मोजली, एकोणीस. पण आपल्या भिंतीवर मधोमध तीस बाय अठ्ठ्याहत्तर इंच जागा कोरी. आपला खडू अजून दिसत होता. घड्याळवाल्यांना विचारलं तर म्हणाले, “कुणीतरी कुणासाठी तरी आखलेलं दिसतंय बाई, त्यात खिळा कसा मारायचा?” सहा वर्षं त्या माणसाने तिथे रंगही लावू दिला नाही. गिऱ्हाईकाने विचारलं, हे काय? एजंट म्हणाला, जुन्या पाइपाची खूण. मी म्हटलं, दार आहे. कुणीकडे उघडतं, म्हणाला. मी डोळ्यात कचरा गेल्याचं निमित्त केलं आणि जिन्यात जाऊन बसले.

तिथे बसल्यावर आठवलं काय, तर आपली लहानपणची खोली. परीक्षा आली की तू आतून कडी लावायचीस आणि मी बाहेर जमिनीवर बसून दाराखालून चिठ्ठ्या सरकवायची. ‘झालं का?’ तू उत्तर लिहून परत सरकवायचीस, ‘नाही, जा.’ मी जायची नाही. मग तासाभराने तू काही न लिहिता नुसतं एक बोट फटीतून बाहेर काढायचीस आणि मी ते धरून बसायची. ताई, मला तुझी फार आठवण येते. हे मी कुठल्याही कागदावर फुली न मारता लिहून देते.

तुझ्या मुलाला सांग, मावशी सही करेल, अडवून धरणार नाही. घर तुझं आहे, आणि गुडघा तुझा आहे. कळावे. लोभ होताच, अकरा वर्षं न वापरता ठेवून तो वाढला असेल, तर भावजींचं म्हणणं खरं होतं.

तुझी,
धाकटी

ता. क. – वर लॉंड्रीबद्दल जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती. माझ्या घरातले भाडेकरू चार महिन्यांपूर्वी गेले, नवे मी ठेवले नाहीत. रोज हवा खेळवायला म्हणून जायची आणि पालथ्या बादलीवर खिडकीशी बसून यायची. तीन आठवड्यांपूर्वी मी बादलीवरून उठलेच नाही. संध्याकाळी हे शोधत आले, दोन मिनिटं दारात उभे राहिले, ‘बघू’ म्हणाले, आणि जाऊन गाद्या घेऊन आले. तेव्हा गुंतवणूक बुडाली. आता नुसतं घर आहे.

ता. क. २ – भिंत अर्धी तुझी होती, ती न विचारता पाडली, माफ कर. घर विकणार म्हणून घड्याळवाल्यांनी जागा सोडली, पण जायच्या आधी स्वतः एकोणीस घड्याळं उतरवून भिंत मोकळी करून दिली. गवंडी म्हणाला, नुसती आडोशाची भिंत आहे, हिच्यावर कसलाही भार नाही. (त्याला काय माहीत!) सुताराने दार बसवलं, तीस बाय अठ्ठ्याहत्तर. खाली अर्धा इंच फट ठेवायला सांगितली, तर तो म्हणाला, झुरळं येतील. म्हटलं, येऊ देत.

ता. क. ३ – कडी तुझ्या बाजूला बसवलीय. माझ्या बाजूला नुसती मूठ. घड्याळवाले तुझ्या बाजूने कडी लावून, बाहेरचं कुलूप लावून गेले. त्यांची आणि माझी, तुझ्या घराच्या दोन्ही किल्ल्या या पाकिटात आहेत, तिसरी नाही. तुझ्या मुलाच्या कागदावर फुलीवरच सही केलीय, पण तो पाकिटात शोधू नकोस. दाराखालून तुझ्या बाजूला सरकवलाय, आता माझाही हात तिथे पोचत नाही. येऊन घे. मी वाजवीन, घुसणार नाही. विकायचं तर खुशाल विक, पण आधी एकदा कडी काढ.