कर्मणी प्रयोग शुक्रवारी आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तरी नमस्कार पूर्ण समजावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? मी उत्तम. तुझी काळजी मिटावी म्हणून लिहितोय, दुसरा कसलाही हेतू नाही.

नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं आणि तू मला तुझ्या मैत्रिणीच्या शाळेत चिकटवलंस, तेव्हा मी किती आढेवेढे घेतले ते तुला ठाऊकच आहे. पंचवीस वर्षं दिव्यांमागे उभा राहिलेला माणूस मी, मास्तर कसला? पण मग आठवलं, भाड्याने व्हिडिओ आणून आपण असले सिनेमे किती पाहिलेत! मनाविरुद्ध आलेला मास्तर, ओवाळून टाकलेली पोरं, मध्ये एक गाणं, आणि गाणं संपेपर्यंत सगळी पास. म्हटलं, एवढं तर मलाही जमेल. (काळा चष्मा दुसऱ्याच दिवशी काढला. फळा दिसेना.)

मुख्याध्यापिकाबाईंनी चिठ्ठी दिली होती : 'सुट्टीचा वर्ग. भाषेत नापास पाच. प्रयोग पक्के करून घ्यावेत.' आता तूच सांग, नाट्यगृहातल्या माणसाला 'प्रयोग' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? दोन आठवडे मी तालमी घेतल्या. बाकं जोडून रंगमंच, शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावरच्या कापडाचा पडदा. थापाड्याला राजा केलं, कारण खोटं बोलताना त्याचा आवाज फार शोभतो. एकाच वेळी वेगवेगळी उत्तरं देणारे जुळे झाले प्रधान. झोपाळूला सिंहासन केलं (बसून राहायचं काम). आणि प्रश्नांशिवाय तोंडच न उघडणारी एक मुलगी, तिचं नाव मी प्रश्नपत्रिका ठेवलंय, ती झाली राणी. पोरांनी काय काम केलं, ताई! नापास कुठल्या मूर्खाने केलं यांना?

मग बाई पाहणीला आल्या. म्हणाल्या, "कर्मणी प्रयोग झाला का?" मी छाती काढून सांगितलं, "शुक्रवारी आहे. तुम्हाला पहिल्या रांगेत जागा ठेवतो." त्यांनी जरा दम घेऊन विचारलं, "आणि भावे?" मी म्हटलं, त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. बाई सिंहासनावर बसल्या. झोपाळू खाली होता, त्याला पत्ता नाही.

तेव्हा उलगडा झाला की हे प्रयोग व्याकरणातले. परीक्षा आठ दिवसांवर, आणि या वेळी नापास झालेल्याचं नाव शाळेतून कमी होणार. मी गुपचूप पिशवी उचलली. दारात प्रश्नपत्रिका उभी. "सर, आम्हाला काढलं तर आपलं नाटक कोण करणार?" ताई, 'आपलं' म्हणाली ती. पिशवी परत खुंटीला लावली.

आणि मग मी माझी विद्या बाहेर काढली. एक कर्ता, एक कर्म, एक क्रियापद आणि माझ्या हातात बॅटरी. क्रियापद ज्याच्या मागे जाईल त्याच्यावर झोत! 'मुलगी पडदा ओढते' : झोत मुलीवर, कर्तरी. 'मुलीने पडदा ओढला' : झोत पडद्यावर, कर्मणी. (पडदा झोपाळू. तो कर्म म्हणूनच जन्माला आलाय. स्वतः काही करायचं नाही.) चार दिवसांत पोरं कर्तरी-कर्मणी घडाघडा ओळखायला लागली. तेव्हा निर्धास्त राहा, मास्तरकी माझ्या रक्तातच होती.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोमवारी पहिल्या गाडीने ये आणि वर्ग तू घे. भावे प्रयोगात झोत कुणावर टाकायचा ते मला माहीत नाही. व्याकरणात मी दोनदा नापास झालो होतो, हे बाईंना तू सांगितलं नसशील, असं धरून चालतो.

पुन्हा ता. क. : येऊ नकोस. पत्र टेबलावर राहिलं आणि पोरांनी वाचलं (शुद्धलेखनाच्या अकरा चुका तांबड्या शाईने दाखवल्या, मी पत्र नव्याने उतरवलंय). माझं नापास होणं वाचून झोपाळू पहिल्यांदा पूर्ण जागा झाला. प्रश्नपत्रिकेने माझ्या हातातून बॅटरी घेतली, फळ्यावर 'शिक्षकाने विद्यार्थ्यांना शिकवले' लिहिलं आणि झोत नुसत्या 'शिकवले'वर धरला. मग खाली लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी शिक्षकाला शिकवले.' झोत जागचा हलवला नाही. दोन्ही भावेच ना गं? तेवढं परीक्षेआधी कळव. मी त्यांना हो म्हणून बसलोय.