लहूच्या चालीने

वाकोला, १० जानेवारी १९६७

लुईस,

तुला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टपालात पडणार नाही. तरी लिहिते, कारण चूक माझी आहे.

आफ्रिकेच्या लढाईत तू हात वर केलेस आणि कैद झालास, एवढंच गावाला माहीत होतं. तू सुटून आलास त्याच वर्षी माझं लग्न झालं. आदल्या दिवशी सगळे वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघाले, तेव्हा लोक हसतील म्हणून मी तुला घरी बसवलं.  हात का वर केलेस, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी पलटणीच्या कचेरीला तीन पत्रं धाडली. तुझ्याबरोबर त्याच दिवशी कैद झालेल्याचं नाव मिळालं, खारदांड्याचा लहू. मी गेले, तेव्हा तो जाळं सांधत होता.

"बाय, तुझा भाव पळू शकला असता. माझ्या पायात गोळी. मी बोललो, जा रे. तो बोलला, गप बस, आणि हात वर केले."

शनिवारी माझ्या लेकीचं, इनेझचं उंबराचं पाणी आहे. मामा म्हणून तुझ्या जागी, सगळ्यांच्या पुढे लहू चालेल. तो अजून लंगडतो. बँडवाल्यांना बजावलंय, त्याच्या चालीने चाला. गाव विचारेल, इतकं हळू का? या वेळी मी मोठ्याने सांगेन.

तुझी बहीण,
एथेल